कुकीला ओ

पोलादपूरच्या वर, एस्टी जिथनं वळसा घालून माघारी फिरते, तिथनं तासभर चढलं की पळसकोंड लागतो. तीस-बत्तीस घरं. त्यातल्या निम्म्या घरांना कुलपं. मानसं मुंबईला, नायतर महाडच्या कंपन्यांत. राहिलेल्या घरांत म्हातारीकोतारी, बाया, पोरं आणि गुरं.

या कोंडात तुळसाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. तिनं अंगणात उभं राहून रेडकाला हाक मारली, तर खाली ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबायचे. तिचा नवरा गोमाजी चारचौघांत बोलायचा, "आमच्या घरात मोबाईलला रेंज नाय, पन बायकोला फुल्ल हाय!" लोक हसायचे. तुळसाही हसायची.

आणि कूक घालावी तर तुळसानंच. कूक म्हणजे काय, ते खालच्या मानसाला सांगावं लागतं. डोंगरात वणवा लागला, कोणाला पान लागलं म्हणजे साप चावला, वाघरानं वासरू उचललं, की तोंडाला हात लावून एक लांब, उंच आवाज काढायचा. कूऽऽऽ. ज्याच्या कानावर पडली त्यानं तशीच ओ द्यायची आणि हातातलं काम टाकून निघायचं. जेवत असला तर जेवण टाकून. भांडण असलेल्या घराची असली तरी. बापजाद्यांपासनं कुकीला कोणी कानाडोळा केलेला नाय. वणव्याला निघायचं तर वाटेत एक हिरवा टहाळा मोडून घ्यायचा, आगीवर झोडायला. एवढंच.

तर दोन वर्षांमागं महाडहून बायांच्या संघटनेची शर्मिला यायला लागली. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत तिचं घर. खांद्याला कापडी पिशवी, पायांत नवऱ्याचे रबरी बूट. आली की देवळाच्या मंडपात बसायची आणि बायांना सांगायची, घरात मारलं तरी तो गुन्हाच असतो, लिहून देता येतं, कोर्ट बाईला त्याच घरात राहायचा हक्क देतं. बाया वाल सोलायला घेऊन बसायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नायत. मग शर्मिलाही ओच्यात मूठभर वाल घ्यायची. पहिले तीन महिने त्या बाईनं नुसते वाल सोलले.

गोमाजीला मोठी मजा वाटायची. तुळसा घरी आली की विचारायचा, "काय गो, आज कोनाला फाशी दिलीव?"

"तुमचा नंबर अजून लांब हाय," तुळसा बोलायची आणि चुलीकडं वळायची.

शर्मिलानं दारादारावर कागद चिकटवले. मदतीचा नंबर. आता नंबर काय कामाचा? रेंज धरायची तर वरच्या कातळावर जाऊन पूर्वेला तोंड करून उभं राहायचं. मार खाणारी बाई मध्येच नवऱ्याला बोलेल का, थांबा जरा, कातळावर जाऊन येते? शर्मिलानंच ते ओळखलं आणि पुढच्या खेपेला चाळीस शिट्ट्या घेऊन आली. लाल, प्लास्टिकच्या, गळ्यात घालायला दोरी लावलेल्या. "घरात मारहाण झाली की वाजवा. शेजारणीनं ऐकली की तिनं धावायचं."

शिट्ट्या बायांच्या गळ्यात एक दिवस टिकल्या. मग पोरांनी पळवल्या. सकाळी शिट्टी, दुपारी शिट्टी, बकऱ्यांमागं शिट्टी, झाडावरनं शिट्टी. गोमाजी हसून हसून खोकायचा. पंधरा दिवसांनी मंडपात बाया जमल्या तेव्हा बयाबाईची सून दर्शना पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली होती. शर्मिलानं विचारलं तर तिनं पदर काढला. पुढचा एक दात नव्हता.

"मी वाजवली की ताई," ती बोलली. "तीनदा वाजवली. सासरा ओटीवरनं वरडला, त्या पोरांना गप करा रे, डोकं उठलं."

मंडपात वाल सोलायचे थांबले. शर्मिलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चूक माझी आहे," ती बोलली. "मी इथली नाही. मला सांगा, इथं कशाला माणसं धावतात?"

मागनं तुळसा बोलली, "कुकीला."

झालं. सगळ्या बायांनी तिच्याकडं वळून बघितलं. बयाबाई, दर्शनाची सासू, हळूच बोलली, "तुळसे, कूक वनव्याची गो."

"दर्शनाचा दात पडला तो काय वनव्याहून कमी हाय? वनव्यात गवत जळतं. गवत पावसात परत उगवतं."

ही गोष्ट गावकीपुढं गेली. गावकीला बाया बसत नायत, पण त्या दिवशी मंडपाबाहेर उभ्या राहिल्या. सगळ्या. काशीराम, गावकीचा मोठा, बरा मानूस. भांडण न करता मधला रस्ता काढायची त्याला सवय. तो बोलला, "बायांनी कूक घालावी, आमची ना नाय. पन तिची वेगळी खूण ठेवा. दोन आखूड, एक लांब, असं कायतरी. म्हंजे मानसांना कळंल, वनवा नाय, बायांचं हाय."

"वेगळी नको," बाहेरनं तुळसा बोलली.

"का गो?"

"वेगळी ठेवलीव की तुमी घरी बसाल."

हशा झाला, पण थोडा. तेव्हा गोमाजी उठला. त्याला वाटलं, आपली बायको चारचौघांत बोलतेय, आता आपण वजन ठेवलं पायजे. तो बोलला, "ठीक हाय. कूक एकच. पन मंग नियमही एकच. ज्या घरानं खोटी कूक घातली, त्या घराला पुन्ना कोनी ओ देयाची नाय. घर पेटलं तरी नाय. मंजूर?"

डोंगरात घर आहे आणि कुकीला ओ नाय, म्हणजे मानूस मेल्यात जमा. गोमाजीला वाटलं, आता बाया मागं सरतील.

"मंजूर," तुळसा बोलली.

पुढं अडीच महिने कूक पडली नाय. गोमाजी बोलायचा, बघा, माझ्या नियमानं कसं सगळं शांत झालं. शर्मिला विचारायची तेव्हा बाया खाली बघायच्या. दर्शनानं तर सांगून टाकलं, "ताई, खोटी ठरली तर? माझ्यापायी सगळं घर बुडंल."

मे महिना उजाडला. डोंगर वाळून पिवळा. गोमाजीचा लेक सुनील दोन दिवसांसाठी आंबे उतरवायला आला. तो महाडच्या कंपनीत कामाला, बिरवाडीत भाड्याची खोली. बरोबर बायको, सेजल. वरंधची पोरगी, लग्नाला चार वर्षं. पूर्वी आली की सासऱ्याशी गप्पा मारायची, औंदा मानच वर करत नव्हती. उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं. तुळसानं विचारलं, "उकडत नाय काय गो?" तर बोलली, "सवय झाली, आई." तुळसा तिच्या बाह्यांकडं बघत राहिली. गोमाजीनंही बघितलं आणि आंब्यांकडं वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी जेवायला बसली. फणसाची भाजी, भाकरी. सेजल वाढता वाढता सासूला बोलली, "आई, पंधरा तारखेपासून कामाला जाणार हाय मी. बिरवाडीत पॅकिंगचं काम मिळालंय. बायाच असतात सगळ्या."

सुनीलचा घास हातात राहिला. "कोनाला विचारून?"

"तुमाला सांगितलं होतं की."

"सांगितलं होतं. विचारलं होतं काय?"

त्यानं ताट ढकललं. तिच्या दंडाला धरून उठवलं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

गोमाजी हात धुऊन ओटीवर येऊन बसला. आतनं आवाज आला. भांडं पडल्यासारखा, पण भांड्याचा नाय. आणखी एक. सेजल वरडली नाय. तिनं फक्त "अहो" असं बोललेलं ऐकू आलं, दोनदा. गोमाजीनं केलं काय, तर तो खोकला. त्याचा बापही असाच खोकायचा. आत चाललेलं बाहेर कळतंय एवढं सांगायला बाप्यानं खोकायचं, आणि मग तंबाखू मळायला घ्यायची. त्यानं डबी काढली. चुना काढला.

तुळसा आतल्या दारावर थापा मारत होती. "सुन्या, दार उघड! सुन्या!" दार उघडेना. मग थापा थांबल्या. ती ओटीवर आली. नवऱ्याकडं बघितलं. गोमाजीला एकदम कळलं, ही काय करणार ते.

"तुळसे," तो बोलला, "नको गो. घरातली गोष्ट हाय. मी बोलतो त्याला."

ती पायऱ्या उतरली.

"आगं आपला लेक हाय तो! आनि लोक बोलतील खोटी कूक. पुन्ना आपल्याला कोनी ओ देनार नाय, तुळसे. नियम मीच केलाय गो!"

तुळसा अंगणाच्या कडेला, फणसाखाली जाऊन उभी राहिली. तिथनं समोर सगळी दरी उघडी. ऊन असं की समोरचा डोंगर हलतोय वाटावं. तिनं डावा हात तोंडाला लावला. डावं मनगट तिचं वाकडं. कोंडात सगळ्यांना ठाऊक, तरुणपणी काजूवरनं पडली होती.

आणि तिनं कूक घातली.

गोमाजीनं जन्मभर तिच्या कुका ऐकल्या होत्या. ही तसली नव्हती. ही पोटातनं निघाली, फणसाच्या पानांतनं वर गेली, समोरच्या कड्याला जाऊन लागली आणि तिथनं माघारी आली. मग काय नाय. दरीत सगळं गप. खालचं कुत्रं भुंकत होतं तेही थांबलं. गोमाजी एक, दोन, तीन असे श्वास मोजत बसला. सातव्या श्वासाला त्याला वाटलं, संपलं. कोणी ओ देत नाय. बुडालो.

तुळसानं दुसरी घातली.

आणि वरच्या अंगाला, शेजारच्याच घरातनं, बयाबाईची ओ आली. म्हातारीचा आवाज फाटका, पण लांब. तिच्या पाठोपाठ दर्शनाची. मग देवळाकडनं एक. ओढ्यावरनं तीन-चार एकदम. पलीकडच्या उंबरकोंडातनं आली, तिथली कूक जरा जाड असते, गोमाजीनं ओळखली. त्यावर धनगरवाड्यातनं. गोमाजी उभा राहिला. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायांचे आवाज चालले होते, एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात पाण्याची कळशी जावी तसे. कडे ते परत फेकत होते. ओ कुठली आणि कड्याची कुठली, कळेना. चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. वानरं झाडांवर गप बसली. ज्या वाड्यांची नावं त्यानं फक्त ऐकली होती, त्यांच्या दिशेनंही बारीक बारीक कूक येत होती, सुईच्या टोकाएवढी. एवढ्या बाया या डोंगरात राहतात, हे त्याला सत्तर वर्षांत ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात मागं धाडकन दार उघडलं. सुनील पळत ओटीवर आला, दोन ढांगांत अंगणात. त्यानं फणसाची खालची फांदी धरली, टहाळा मोडला आणि वरडला, "कुठं पेटलंय? बाबा, कुठं पेटलंय?"

याच डोंगरात वाढलेलं पोर ते. कूक पडली की पाय आपसूक निघणार. हातात टहाळा, छाती वरखाली, नजर डोंगरभर फिरतेय, धूर शोधतेय. मग नजर फिरत फिरत आईवर आली. आई त्याच्याकडंच बघत होती. पोराला हळूहळू कळलं, पेटलंय कुठं ते. टहाळा हातातनं सुटला नाय, तसाच खाली लोंबला.

मानसं यायला लागली. आधी शेजारची, मग वरची आळी, मग खालची. सगळ्यांच्या हातात टहाळे. काशीराम धापा टाकत आला, जेवणाचा हातही धुतलेला नव्हता. "कुठं गो तुळसा? धूर कुठाय?"

तुळसानं तोंड उघडलं, पण तिचा आवाज गेला होता. दोन कुकांत सगळा संपला होता. तिनं नुसता दाराकडं हात केला.

दारात सेजल उभी होती. ओठ फुटलेला. एका बाहीची शिवण खांद्यापासून उसवलेली आणि आतला दंड दिसत होता. जुने निळे डाग, त्यांवर नवे लाल. ती चौकटीला धरून उभी होती, पण डोकं खाली नव्हतं. अंगण भरलं होतं.

"काय नाय काका," सुनील काशीरामला बोलला. "नवरा-बायकोचं थोडं... आयनं उगाच बोंब मारली."

काशीराम टहाळ्याकडं, सेजलकडं, जमिनीकडं बघत राहिला. मागनं कोणीतरी पुटपुटलं, "म्हंजे वनवा नायच." काशीरामनं गळा साफ केला. "गोमाजी, नियम तुझा हाय. घर तुझं हाय. तूच बोल बाबा. कूक खरी का खोटी?"

सगळं अंगण गोमाजीकडं वळलं. लेक बापाकडं बघत होता. लहानपणी चतुर्थीच्या जत्रेत हरवून सापडला तेव्हा बघत होता तसा. गोमाजीला वाटलं, खोकावं. खोकला आलाही. त्यानं तो गिळला.

तो पायऱ्या उतरला, फणसापाशी गेला आणि तुळसाचं डावं मनगट धरलं. ती दचकली. चाळीस वर्षांत त्या मनगटाला त्यानं हात लावला नव्हता. त्यानं तो हात वर केला, सगळ्यांना दिसंल असा.

"ही काजूवरनं पडली नाय," तो बोलला. आवाज बारीक निघाला म्हणून परत बोलला. "पडली नाय ही. रेडकू सुटलं, म्हशीचं दूध प्यालं. मी कुऱ्हाडीचा दांडा घातला. हाड वैद्यानं बसवलं, ते वाकडं बसलं. काजूचं मी सांगितलं लोकांना. ही काय बोलली नाय." मग लेकाकडं वळला. "सुन्या, तू तेव्हा पोटात व्हतास."

तुळसानं हात सोडवून घेतला नाय.

"कूक खरी हाय," गोमाजी बोलला.

काशीरामनं आपला टहाळा फणसाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. त्याच्यामागं बाकीच्यांनी ठेवले, एकावर एक. सुनील ओटीच्या पायरीवर मटकन बसला.

सेजल खाली आली. "मला महाडला जायचंय," ती बोलली. "शर्मिलाताईकडं. आधी दवाखान्यात, मग लिहून द्यायचंय. आनि पंधरा तारखेला कामावर जायचंय."

"मी कातळावर जाऊन फोन लावते," दर्शना बोलली. दात नसल्यानं तिचे शब्द जरा वाऱ्यावर जायचे, पण त्या दिवशी कोणी हसलं नाय. ती पदर खोचून धावत वर गेली.

गोमाजी लेकापाशी आला. "तू हितंच बसायचं. पोलीस आले की मी बरोबर येतो. पळालास, तर माझ्या दारात परत येयाचं नाय."

"बाबा, आवो..."

"मी खोकून काय व्हतं ते बघितलं," गोमाजी बोलला. "बस."

पाचच्या एस्टीसाठी सेजल निघाली. एकटी नव्हती. मागंपुढं चाळीस-पन्नास बाया, डोंगराच्या वाटेवर एकीमागं एक. आणि गोमाजी ओटीवरनं बघतो तर वाटेच्या प्रत्येक वळणावर समोरून आणखी बाया चढत येत होत्या, हातात टहाळे घेऊन. खाली उतरणाऱ्यांना भेटल्या की दोन शब्द बोलायच्या, आणि त्यांतल्या निम्म्या माघारी वळून खाली चालायला लागायच्या. एस्टीच्या थांब्यापर्यंत रांग केवढी झाली असंल, ते त्या कंडक्टरलाच ठाऊक.

ऊन उतरलं तरी येणं थांबलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी एक अनोळखी म्हातारी आली. पार पलीकडच्या कड्यावरच्या वाडीची, येसूबाई नाव सांगितलं. तीन तास चालत आलेली. हातातल्या टहाळ्याची पानं उन्हानं वाळून गेली होती.

"कुठं पेटलं हुतं गो?" तिनं अंगणात शिरतानाच विचारलं.

तुळसाला बोलता येत नव्हतं. तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं. मग गोमाजीनंच म्हातारीला सांगितलं. सगळं सांगितलं, मनगटासकट. त्या दिवसातली ती दुसरी खेप, आणि पहिलीपेक्षा जड गेली. म्हातारीनं पाणी पिता पिता ऐकून घेतलं. तांब्या ठेवला. "विझली?" तिनं विचारलं.

"विझवतायत," गोमाजी बोलला.

"मंग बरं," ती बोलली आणि टहाळा ढिगावर टाकला.

ती गेल्यावर दोघं फणसाखाली बसली. टहाळ्यांचा ढीग ओटीच्या पागोळीपर्यंत गेला होता. आंबा, ऐन, करंज, जांभूळ, कुठकुठल्या रानाचा पाला. बकऱ्या दाव्याला हिसके देत होत्या. पुढं आठ दिवस त्यांना चारायला न्यावं लागलं नाय.

"तुळसे," गोमाजी ढिगाकडं बघत बोलला, "तू त्या दिवशी का नाय घातलीस कूक?"

तुळसाच्या घशातनं नुसती हवा निघाली. तो जवळ सरकून कान लावून बसला तेव्हा त्याला ऐकू आलं.

"तवा कोन आलं असतं?"

गोमाजीनं ढिगाकडं परत एकदा बघितलं, खालपासून वरपर्यंत. मग उठला आणि बकऱ्यांची दावी सोडली.